लाकूड थांबेपर्यंत

धाकटा सहासष्ट वर्षांचा झाला तरी धाकटाच होता. गल्लीतला पाववाला त्याला धाकटा म्हणायचा, पोस्टमन धाकटा म्हणायचा, आणि ज्याच्यामुळे त्याला हे पद मिळालं होतं तो थोरला तर दिवसातून पन्नास वेळा म्हणायचा. थोरला एकाहत्तरचा. दोघांत अंतर पाच वर्षांचं, पण थोरल्याची हुकमत पाहून कुणालाही वाटावं, पाच नव्हे, पंचवीस असेल.

दोघे मिळून व्हायोलिन आणि त्याहून मोठा, बसून वाजवायचा चेलो बनवायचे. घर दोन खोल्यांचं. पुढच्या खोलीत काम, मागच्या खोलीत स्वयंपाक, झोप आणि भांडणं. पुढच्या खोलीतून एक शिडी माळ्यावर जायची आणि घरातली खरी इस्टेट त्या माळ्यावर होती, ती म्हणजे लाकूड. धाकट्याने लग्न केलंच नाही. थोरल्याने केलं होतं. बायको जाऊन बारा वर्षं झाली होती आणि मुलगी लग्न होऊन परगावी, आगगाडीने दिवसभराच्या अंतरावर. घरात उरले हे दोघे, आणि दोघांना जोडून ठेवणारा तो माळा.

रंधा मारणं, कोरणं, तारा चढवणं हे सगळ्यांना दिसतं, लोक ते बघायला खिडकीशी उभेही राहतात. पण खरं काम त्याआधी सहा-सात वर्षं चालतं आणि ते बघायला कुणी येत नाही. ताजं कापलेलं लाकूड पाण्याने भरलेलं असतं. ते वाळताना आक्रसतं, तेही सगळीकडून सारखं नाही. मग फळी वाकते, पिळवटते, टोकांना तडकते. म्हणून फळी आली की थोरला आधी तिची दोन्ही टोकं गरम मेणात बुडवायचा, कारण पाणी टोकांतूनच घाईघाईने पळतं. मग माळ्यावर फळीवर फळी रचायची, मध्ये बोटभर जाडीच्या पट्ट्या, म्हणजे वारा चारी बाजूंनी फिरेल. सगळ्यांच्या वर दगड. खिडकीला जाळी, ऊन आत येता कामा नये, आणि दर तीन महिन्यांनी खालची फळी वर, वरची खाली. घरातल्या माणसांची अंथरुणं इतक्या नियमाने कधी उलटसुलट झाली नव्हती.

आणि दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी वजन. फळी काट्यावर ठेवायची, आकडा पेन्सिलीने फळीच्या खरबरीत बाजूवर लिहायचा, तारखेसकट. पाणी जातं तसं वजन उतरतं. दमट महिन्यांत चार-सहा ग्रॅम वाढतं, कोरड्या महिन्यांत पुन्हा उतरतं, म्हणून आकडा ताडून पाहायचा तो मागच्या वर्षीच्या त्याच महिन्याशी. सलग तीन महिने आकडे जुळले की थोरला म्हणायचा, "लाकूड थांबलं." तोवर त्या फळीला करवत लावायची नाही, मग गिऱ्हाईक दारात धरणं धरून बसलं तरी बेहत्तर. तीस वर्षांपूर्वी धाकट्याने हा नियम एकदाच मोडला होता. न थांबलेल्या फळीची मान त्याने एका व्हायोलिनला बसवली, आणि वर्षभरात ती मान अशी वळली की वादक ते वाद्य परत घेऊन आला नि म्हणाला, "हे माझ्याकडे बघतच नाही हो." थोरल्याने नवीन वाद्य करून दिलं आणि आठ दिवस धाकट्याशी बोलला नाही. तेव्हापासून धाकट्याने कानाला खडा लावला होता.

तर असा हा धाकटा. त्याने त्याच माळ्यावर, त्याच काट्यापाशी उभं राहून दोन वर्षं थोरल्याला धडधडीत फसवलं.

झालं असं. थोरल्याचे गुडघे गेले. शिडी चढणं बंद झालं, नजरही मंदावली. मुलगी दर रविवारी फोनवर म्हणायची, "बाबा, आता पुरे झालं, इकडे या." सुरुवातीला थोरला उडवून लावायचा. मग नात झाली. मग एका रविवारी तो म्हणाला, "माळ्यावर चेलोच्या पाठीसाठी दोन फळ्यांची एक जोडी आहे. अशी जोडी मी जन्मात दोनदाच पाहिलीये. ती थांबली की तिचा चेलो करतो आणि येतो. शब्द देतो." थोरल्याचा शब्द म्हणजे थोरल्याचा शब्द. मुलगीही बापाचीच मुलगी, त्या दिवसापासून ती तब्येतीच्या आधी लाकडाची चौकशी करायला लागली.

ती धाकट्यालाही बोलवायची. "काका, तुम्हीही चला ना." बोलावणं खरं होतं, तोंडदेखलं नव्हतं. पण माळ्यावर अजून चौदा फळ्या ओल्या होत्या, त्यांना टाकून कसं जाणार? आणि खरं सांगायचं तर दुसऱ्याच्या घरात खुर्चीवर बसून राहायचं या कल्पनेनेच धाकट्याच्या अंगावर काटा यायचा. थोरल्याशिवाय या घरात राहायचं या कल्पनेनेही यायचा, पण ते तो कुणाजवळ बोलला नाही.

थोरला चढू शकत नाही म्हणून नवीन पद्धत पडली. धाकटा माळ्यावर जाऊन वजन करायचा आणि आकडा खाली ओरडून सांगायचा. थोरला शिडीपाशी स्टूल टाकून बसायचा आणि वहीत मोठ्या अक्षरांत टिपून घ्यायचा. त्या जोडीतली जड फळी तेवढी तोलायची. दोन्ही एकाच झाडाच्या, एकाच कापाच्या, एक थांबली की दुसरी थांबलीच.

आणि एका सोमवारी ती थांबली. तीन हजार आठशे बारा. मागच्या वर्षीही याच महिन्यात तीन हजार आठशे बारा. त्याआधीचे दोन महिनेही जुळलेले, पण थोरल्याने अजून वही ताडून पाहिली नव्हती. थोरल्याची पिशवी, थोरल्याचा चष्मा, मागच्या खोलीतली रिकामी खाट, सगळं धाकट्याला त्या आकड्यात दिसलं.

"किती?" खालून हाक आली.

"तीन हजार आठशे तीन," धाकटा म्हणाला.

नऊ ग्रॅम. फक्त नऊ ग्रॅम त्याने पळवले. मग त्याने पेन्सिल घेतली, आणि फळीवर लिहिताना मात्र हात वळेना. फळीवर त्याने तीन हजार आठशे बाराच लिहिलं. का, ते त्याला विचारलं असतं तर धड सांगता आलं नसतं.

एकदा सवय लागली की लागलीच. पुढच्या महिन्यात आणखी आठ ग्रॅम, त्याच्या पुढच्या महिन्यात नऊ. थोरला खाली म्हणायचा, "चांगलं मुरतंय. सावकाश मुरणारं लाकूडच खरं." आणि रविवारी फोनवर मुलीला सांगायचा, "उतरतंय गं अजून. काय करू, लाकडाला हुकूम देता येत नाही." मुलगी उसासा टाकायची. धाकटा मागच्या खोलीत भांडी घासत असायचा आणि ती भांडी त्या दिवशी जरा जास्तच लख्ख निघायची. मग तो थोरल्याला चहा करून द्यायचा, त्याचे गुडघे तेलाने चोळून द्यायचा. थोरला म्हणायचा, "धाकट्या, हल्ली फार लाडात आलायस."

अशी दोन वर्षं गेली. फळीवर चोवीस खरे आकडे जमले, वहीत चोवीस खोटे.

एका सकाळी थोरला वही आणि भिंग घेऊन खिडकीशी बसला. बराच वेळ बसला. धाकटा एका व्हायोलिनच्या कडेला सरेस लावत होता. थोरल्याने हाक मारली नाही, हे त्याच्या उशिरा लक्षात आलं.

"धाकट्या," शेवटी थोरला म्हणाला, आणि त्याचा आवाज बारीक होता. "आपल्याकडे कीड लागलीये."

"काय?"

"फळीला. हे बघ. दोन वर्षांत दोनशे ग्रॅम. एवढं वाळलेलं लाकूड भट्टीत घातलं तरी इतकं उतरायचं नाही. आणि दमट महिने बघ. दमट महिन्यांत वाढायला हवं ना? एकदाही वाढलं नाही. उतरतच गेलंय. पाणी जात नाहीये, लाकूडच जातंय. आतून खातंय कोणीतरी."

दमट महिने! खोटं बोलण्याच्या नादात धाकटा दमट महिने साफ विसरला होता. चाळीस वर्षं लाकडात काढलेला माणूस, आणि फसवताना वजन वाढवायचं त्याला सुचलं नाही.

"काटा बिघडला असेल," तो म्हणाला.

थोरल्याने साखरेचा किलोचा बंद पुडा आणायला लावला. काटा खाली आला, पुडा त्यावर चढला. एक हजार चार. कागदाचे चार धरले तर काटा शुद्ध सज्जन होता, घरातल्या सगळ्यांपेक्षा जास्त.

"भूस पडलेलं दिसलं का कधी? भोकं?"

"नाही दादा. काहीच नाही."

"मग आतच आहे. बाहेर यायची आहे अजून." थोरल्याने वही मिटली. "चाळीस वर्षांत आपल्या माळ्यावर कीड नव्हती. मी चढायचा थांबलो आणि लागली. तुला दोष नाही देत मी. मला चढायला हवं होतं, गुडघे मोडले असते तरी."

त्या दिवशी तो नीट जेवला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. थोरला रागावला असता तर धाकट्याने सहन केलं असतं, त्याची साठ वर्षांची सवय होती. पण थोरला रागावला नाही. तो अपराधी माणसासारखा बसून राहिला. कीड म्हणजे एका फळीचा प्रश्न नव्हता. शेजारच्या चौदा फळ्यांतही गेली असणार, सगळा माळा जाळावा लागणार. मधूनच तो म्हणायचा, "तरण्या फळ्या रे." धाकट्याला वाटायचं, जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं.

तिसऱ्या दिवशी सकाळी थोरल्याने हुकूम सोडला. "फळी खाली आण. मधोमध कापून बघू. पोखरलेली निघाली की बाकीच्यांचं काय ते ठरवू."

"कापायची? ती फळी?"

"मग काय आरती ओवाळायची तिची?"

धाकट्याने फळी खाली आणली. शिडीवरून उतरताना ती त्याने छातीशी धरली होती. बाकावर गुळगुळीत बाजू वर करून ठेवली. थोरल्याने तिच्यावरून हात फिरवला, बोटांच्या पेरांनी ठोकून कान लावला, पुन्हा ठोकलं. फळी खणखणीत बोलली.

"बघ कशी बोलते," थोरला म्हणाला आणि त्याचे डोळे भरून आले. "आतून पोखरलेली आहे म्हणून कोण म्हणेल. सात वर्षं सांभाळली." त्याने पेन्सिलीने मधोमध आडवी रेघ मारली आणि बाजूला सरकला. "काप. माझा हात नाही व्हायचा."

धाकट्याने करवत घेतली. दाते रेघेवर टेकवले. करवत एकदा ओढली असती तर सुटला असता तो. फळी कापली गेली असती, कीड निघाली नसती, काहीतरी थाप मारता आली असती. आणि ती जोडीच संपली म्हणजे चेलो संपला, शब्द संपला, थोरला बहुतेक नवीन जोडी मागवून आणखी सात वर्षं राहिला असता. हे सगळं त्याला एका क्षणात दिसलं. आणि शेजारी थोरला भिंतीकडे तोंड करून उभा असलेला दिसला, कारण त्याला बघवणार नव्हतं.

धाकट्याने करवत खाली ठेवली.

"दादा, कीड नाहीये."

"तुला काय माहीत?"

"फळी थांबलीये. दोन वर्षं झाली. मी खोटे आकडे सांगितले तुला."

थोरला वळला. त्याला कळलंच नाही आधी. धाकट्याने फळी उलटी केली आणि भिंग त्याच्या हातात दिलं. थोरला वाकला. आकडे वाचत तो बोट खाली खाली नेत राहिला, ओठ हलत होते. तीन हजार आठशे बारा. चौदा. सतरा, दमट महिना. पुन्हा बारा. चोवीस महिने, एकही चुकीचा नाही. वाचून झाल्यावर तो सावकाश सरळ झाला.

"फळीवर खरं लिहिलंस?"

"लाकडावर खोटं लिहवेना."

"आणि माझ्या तोंडावर खोटं सांगवलं?"

"तोंडावर कुठे? मी वर होतो, तू खाली होतास."

एरवी थोरला हसला असता. आता तो स्टुलावर बसला. "दोन वर्षं," तो म्हणाला. "पोर चालायला लागली. बोलायला लागली. मी फोनवर ऐकलं. अरे, मी फोनवर ऐकलं सगळं!"

धाकट्याने फळी हळूच पुन्हा सुलटी करून ठेवली.

"का केलंस?"

"तू गेलास की मी काय करू?"

"हे मला सांगायचंस. दादा, जाऊ नकोस, एवढं म्हणायला काय जीभ झडली होती?"

"म्हटलं असतं तर राहिला असतास?"

थोरला काहीही ठोकून देणारा माणूस नव्हता. "नाही," तो म्हणाला. "पोरीला शब्द दिलाय म्हणून नाही. मला जायचंय रे. त्या नातीला मला मोठी होताना बघायचंय. मला इथून काढून नेत नाहीयेत, मला जायचंय."

हे मात्र धाकट्याला ठाऊक नव्हतं. दोन वर्षं त्याला वाटत होतं की मुलगी बापाला ओढतेय आणि आपण त्याला धरून ठेवतोय. थोरला स्वतःच्या पायांनी निघालाय हे त्याच्या डोक्यात आलंच नव्हतं. तो बाकाला टेकला आणि त्याने तोंडावर दोन्ही हात घेतले. थोरला उठला नाही, समजूतही काढली नाही. पण चार वाजता थोरल्याने चहा केला, दोन कप केला, आणि धाकट्याचा कप बाकावर फळीपासून चांगला दूर ठेवला. मग फळीवरची ती आडवी रेघ त्याने रबराने खोडली. बराच वेळ, एकही खूण उरणार नाही अशी.

तो रविवार होता. सहाला फोन वाजला. थोरल्याला मुलीचा आवाज मोठा हवा असायचा, म्हणून तो नेहमीसारखा स्पीकर लावून बोलू लागला. धाकटा मागच्या खोलीत निघाला.

"इथेच बस," थोरला म्हणाला.

धाकटा बसला. आता ऐकायचं ते ऐकायचं, त्याने मनाची तयारी केली. पुतणीचा त्याच्यावर जीव होता. आजपासून नसला तर तो दोष तिचा नव्हता.

"बाबा, लाकूड काय म्हणतंय?" मुलीने विचारलं.

"थांबलंय गं," थोरला म्हणाला. "दोन वर्षांपूर्वीच थांबलं होतं."

"काय? मग इतके दिवस?"

"माझी चूक झाली. नजर अधू झालीये ना, आकडे चुकीचे टिपत गेलो. काका बिचारा वरून सांगायचा, मी खाली भलतंच लिहायचो. आज ताडून पाहिलं तेव्हा कळलं."

धाकट्याने चमकून वर पाहिलं. लाकडाच्या बाबतीत थोरला जन्मात खोटं बोलला नव्हता. एक ग्रॅमही नाही. थोरला त्याच्याकडे पाहत नव्हता, फोनकडे पाहत होता आणि त्याचे कान लाल झाले होते.

"अहो बाबा!" मुलगी हसत होती की रडत होती कळेना. "दोन वर्षं! बरं, जाऊ दे. चष्मा बदला आधी. मग आता चेलो कधी होणार? तुम्ही येणार कधी?"

थोरल्याने आयुष्यात एकोणीस चेलो केले होते. किती दिवस लागतात हे त्याला झोपेतही सांगता आलं असतं. पण त्याने मान वळवली आणि विचारलं, "धाकट्या, किती महिने लागतील?"

सहा म्हटलं असतं तर कुणी हरकत घेतली नसती. सातसुद्धा चालले असते. सरेस वाळायचा असतो, वॉर्निशाला हवा चांगली लागते, थोरल्याचा हात आता पूर्वीसारखा चालत नाही. सगळी कारणं खरी होती. थोरला वाट पाहत होता. त्याच्या चेहऱ्यावर संशय नव्हता, नेहमी वजन विचारताना असायची तेवढीच उत्सुकता होती.

"चार," धाकटा म्हणाला. "दोघांनी मिळून केलं तर चार पुरे, दादा."

"काका काय म्हणाले? ऐकू नाही आलं," फोनमधून आवाज आला.

"चार महिने म्हणतोय."

"नक्की ना बाबा? की पुन्हा मागच्यासारखं?"

"धाकटा म्हणतोय ना," थोरला म्हणाला, "म्हणजे चारच." आणि त्याने फोन धाकट्याच्या हातात दिला, कारण पुढचं त्याला स्वतःला बोलवेना.